घड्याळ पुन्हा अडखळू देण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अभियंता,
जलनियंत्रण विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : खालच्या केंद्रावरील व इतर नऊ केंद्रांवरील दूरपडद्याचा वेग कमी करून तो पूर्ववत करण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज (तिन्ही परत आलेले).
२) बोगदा दुर्घटना चौकशी समितीचा अहवाल, पान ११ ते १४.
३) अर्जदारास प्रशस्तिपत्र देण्याबाबतचे आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा आपल्या विभागाच्या जोडणी शाखेत सहा वर्षांपासून कनिष्ठ तंत्रज्ञ म्हणून कार्यरत आहे. अर्जदाराचा तिसरा अर्ज, त्यात 'मी' हा शब्द एकेचाळीस वेळा आल्यामुळे, 'वैयक्तिक स्वरूपाचा' असा शेरा मारून परत करण्यात आला. सबब प्रस्तुत अर्जात अर्जदार स्वतःला अर्जदारच म्हणत आहे. दुसऱ्याच कुणाची तरी हकीकत सांगितल्यासारखे होऊन त्याला थोडे बरेही वाटते.

२. पहिल्या दोन अर्जांचे काय झाले तेही नमूद करणे आवश्यक आहे. पहिला अर्ज परत आला, कारण वेग वाढवण्यासाठी आपल्याकडे नमुना 'क' आहे, वेग कमी करण्यासाठी नमुनाच नाही. आवक-जावक टेबलावरच्या कारकुनांनी आपुलकीने सुचवले की, नमुना 'क' घ्या आणि 'अपेक्षित वेगवाढ' या रकान्यात उणे आकडा टाका. अर्जदाराने तसे केले, तर कॉम्प्युटर उणे चिन्ह घेईना. मग कारकून म्हणाले, "शून्य टाका आणि बाकीचं तोंडी सांगा." अर्जदाराने शून्य टाकले. आठ दिवसांनी उत्तर आले की, शून्य वेगवाढीसाठी अर्ज करण्याची गरज नाही, प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. या सगळ्यात सव्वादोन महिने गेले. अर्जदाराची कारकुनांबद्दल तक्रार नाही. एवढ्या मोठ्या कार्यालयात त्याला बसायला खुर्ची दिली ती त्यांनीच.

३. आता मूळ प्रकरण. धरणाशी असलेल्या वरच्या केंद्रात पाण्याची पातळी मोजणारा कॉम्प्युटर आहे. तिथून चौतीस किलोमीटर खाली, जिथे पाण्याच्या बोगद्याचे तोंड उघड्यावर येते, तिथे खालचे केंद्र आहे. एक खोली, एक टेबल, एक स्क्रीन, एक फोन, भोंग्याचे लाल बटण आणि भिंतीला खिळे ठोकलेली एक फळी. बोगद्यात गाळ काढायला उतरणारा प्रत्येक माणूस आपला पितळी बिल्ला या फळीवर अडकवून जातो आणि बाहेर आल्यावर काढून घेतो. फळीवर बिल्ला आहे म्हणजे माणूस आत आहे. या खोलीत पातळी मोजण्याचे कोणतेही साधन नाही. वरच्या कॉम्प्युटरवर जे चित्र उमटते तेच टेलिफोनच्या जुन्या तारेवरून तुकड्यातुकड्यांनी खाली येते आणि खालच्या स्क्रीनवर जुळवले जाते. कागदोपत्री याला दूरपडदा म्हणतात. खालच्या केंद्राचा फोनही याच तारेवर चालतो.

४. ही तार इतकी संथ की, अख्खा पडदा भरायला पन्नास सेकंद लागत. बटण दाबून माणूस चहा घेऊन यायचा, तेव्हा कुठे अर्धी चौकट उमटलेली असायची. ऑपरेटर वैतागले होते, त्यांच्या तक्रारींची फाइल फुगली होती. नवी तार टाकण्यास मंजुरी नाही, असे आपल्या कार्यालयाने कळवले आणि 'आहे त्या तारेतच वेग वाढवावा' हा आदेश अर्जदाराच्या गळ्यात मारला. अर्जदाराने सात महिने डोळ्यांत तेल घालून हे काम केले. आधी पडद्यामागचा उद्घाटनाचा फोटो काढून टाकला. त्यात आपण फीत कापत होता, आणि आपल्या हातातली कात्री खाली पोचायला एकवीस सेकंद लागत होते. मग लाखो रंग होते त्यांचे सोळा केले. जे तुकडे बदललेलेच नाहीत ते पुन्हा पाठवणे बंद केले. एकदा खाली पोचलेली बटणे, चौकटी, खुणा खालीच साठवून ठेवण्याची सोय केली. पन्नासाचे एकोणीस सेकंद झाले आणि तिथे घोडे अडले.

५. मग अर्जदार दोन दिवस नुसते मोजत बसला की ही तार खातंय कोण, आणि चोर सापडला. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक गोल घड्याळ होते. कर्मचाऱ्यांना वेळेचे भान राहावे म्हणून ते आपल्याच परिपत्रकाने बसवण्यात आले होते. काचेवर चमक, काट्यांखाली सावली, आणि सेकंदकाटा. तो काटा दर सेकंदाला हलायचा आणि दर सेकंदाला घड्याळाचा अख्खा तुकडा चौतीस किलोमीटर खाली यायचा. तारेची निम्म्याहून अधिक ताकद हे एक घड्याळ वाहण्यात जात होती. अर्जदाराने ते वरून पाठवणे बंद केले. वेळ तर खालच्या कॉम्प्युटरलाही कळते. तेव्हा तोच आता हुबेहूब तसे घड्याळ, तीच चमक, तीच सावली, तोच काटा, स्वतः काढू लागला. एकोणिसाचे चार सेकंद झाले.

६. त्याच आठवड्यात अर्जदाराने आणखी एक सुधारणा केली. तार दिवसातून दोन-चार वेळा पंधरा-वीस सेकंद जायची, तेवढ्यात पडदा बंद पडायचा आणि पुन्हा जोडायला सहा मिनिटे लागायची. म्हणून 'जोडणी तुटली आहे' असे जाहीर करण्यापूर्वी वाट पाहण्याची मुदत अर्जदाराने पंधरा सेकंदांवरून एक तास केली. पडदा बंद पडणे थांबले. वरिष्ठांनी अर्जदाराची पाठ थोपटली. अर्जदारानेही ती घरी जाऊन पत्नीकडून पुन्हा थोपटून घेतली. तीन महिन्यांत हीच व्यवस्था इतर नऊ केंद्रांवर आणि आपल्या दालनातील मोठ्या पडद्यावरही बसवण्यात आली.

७. खालच्या केंद्राच्या टेबलावर दिवसपाळीला ज्या ऑपरेटर बाई एकोणीस वर्षे बसत आल्या त्यांना सगळे ताई म्हणतात. अर्जदार नोकरीला लागला तेव्हा काम समजून घेण्यासाठी दहा दिवस त्यांच्या टेबलाशेजारी बसला होता. त्यांनी त्याचे नाव 'वायरवाल्या' ठेवले आणि दहाही दिवस स्वतःच्या डब्यातला अर्धा भाग त्याच्यापुढे सरकवला. ताई दर अर्ध्या तासाने वहीत पातळीचा आकडा लिहीत आणि पुढे शेऱ्याच्या रकान्यात 'घ. ठी.' असे लिहीत. म्हणजे घड्याळ ठीक. अर्जदाराने ही अक्षरे शेकडो वेळा पाहिली. घड्याळ ठीक आहे हे दर अर्ध्या तासाने लिहायचे कशाला, असे त्याच्या मनात आले आणि जुन्या माणसांची सवय म्हणून तो मनातल्या मनात हसला. त्याने विचारले नाही. या अर्जातील पहिली चूक ती आहे.

८. कारण पातळीचा आकडा दिवसच्या दिवस बदलत नसे. ०.४ मीटर म्हणजे ०.४ मीटर. नुसत्या आकड्याकडे बघून पडदा जिवंत आहे की मेला, हे ब्रह्मदेवालाही कळले नसते. ते लगेच कळायचे फक्त त्या काट्यावरून. काटा अडखळला की तार आजारी आहे, आणि काटा थांबून फोनही मुका झाला की तार मेली. हे विभागाच्या कुठल्याही पुस्तकात नाही. ताईंना त्यांच्या आधीच्या ऑपरेटरने सांगितले होते, ताईंनी रात्रपाळीच्या ऑपरेटरला सांगितले, असे ते टेबलावरून टेबलावर गेले होते. पुस्तकात आहे तो नियम नऊ : तार तुटल्यास विनाविलंब भोंगा वाजवून बोगदा रिकामा करावा. एकोणीस वर्षांत ताईंनी काटा थांबलेला पाहून चौदा वेळा भोंगा वाजवला. चौदाही वेळा माणसे घाईघाईने बाहेर आली आणि पाणी एकदाही आले नाही. 'कामाचे तास वाया घालवल्याबद्दल' त्यांना दोनदा मेमो मिळाला. मुकादम त्यांना चिडवायचा, "ताई, तुमचं ते घड्याळ एकदा घरी घेऊन जा, आम्हाला जरा काम करू द्या." ताई म्हणायच्या, "तुम्ही सगळे बाहेर या, मग नेते."

९. दुर्घटनेचा दिवस. सकाळी १०.४० वाजता सात, बारा आणि पंधरा या क्रमांकांचे बिल्ले फळीवर लागले. सात म्हणजे मुकादमाचा जावई. बारा हा सगळ्यांत उंच, बोगद्यात कायम वाकून चालणारा, म्हणून ज्याला सगळे 'सरळ्या' म्हणत तो. पंधरा हे वयाने मोठे, पूर्वी शाळेत शिपाई होते, त्यांना 'मास्तर' म्हणत. ११.२१ वाजता, केंद्रापासून नऊ किलोमीटरवर, रस्ता खोदणाऱ्या यंत्राने तार तोडली. ११.४० वाजता वरच्या केंद्राचा दोन नंबरचा दरवाजा खाचेतून घसरला आणि पाणी बोगद्यात शिरू लागले. वरच्या ऑपरेटरच्या स्क्रीनवर पातळी चढू लागली. जे आपल्याला दिसते तेच खाली दिसते अशीच ही व्यवस्था आहे, त्यामुळे ताई भोंगा वाजवत असतील असे त्यांनी धरून चालले. तरी त्यांनी तीनदा फोन केला. फोन त्याच तारेवर. नुसताच टूं-टूं आवाज येत राहिला, तेव्हा त्यांना वाटले, ताई मुकादमाशी बोलत असतील. त्या केंद्रात मोबाइलला रेंज नाही.

१०. खाली, ताईंच्या समोर, पडदा स्वच्छ होता. पातळी ०.४, हिरवी. कोपऱ्यात सेकंदकाटा अर्जदाराने बसवल्याप्रमाणे एकही ठोका न चुकवता फिरत होता. ११.३० वाजता ताईंनी वहीत नोंद केली. बोगद्यातून चालत बाहेर यायला बारा मिनिटे लागतात. ११.२१ ला भोंगा वाजला असता तर दरवाजा घसरायच्या आत तिघेही बाहेर येऊन, हात धुऊन, ताईंना चार शब्द सुनावत बसले असते. ११.५८ ला पाणी त्यांच्यापर्यंत पोचले. १२.०० वाजता ताईंनी वहीत पुढची नोंद केली. १२.०७ ला मुकादम बोगद्याच्या तोंडाकडून ओरडत पळत आला. १२.२१ वाजता, अर्जदाराने घालून दिलेल्या मुदतीप्रमाणे बरोबर एका तासाने, पडद्यावर 'जोडणी तुटली आहे' असा संदेश आला. तेव्हा खोलीत कुणीही नव्हते.

११. चौकशी समितीने दूरपडद्याची तपासणी केली. तोवर तार जोडलेली होती. पडदा चार सेकंदांत भरला, समितीच्या अध्यक्षांनी पुन्हा एकदा भरून दाखवायला सांगितले. यंत्रणा निर्दोष व प्रशंसनीय असल्याचा निष्कर्ष पान बारावर आहे. खापर फोडायला मग एकच डोके उरले. ऑपरेटरने शेहेचाळीस मिनिटे पडद्याकडे लक्ष दिले नाही, वहीतील नोंदी न पाहताच केल्या, असे पान तेरावर आहे. अर्जदाराने समितीपुढे घड्याळाचा विषय काढला तेव्हा एक सदस्य म्हणाले, "घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं ना? मग घड्याळाचा काय दोष?" वेळ बरोबरच होती, असे अर्जदाराने सांगितले. ते उत्तर 'साक्षीदाराने यंत्रणा बिनचूक असल्याचे मान्य केले' असे नोंदवले गेले. तोंडात मारल्यासारखा अर्जदार बाहेर आला.

१२. ताई निलंबित आहेत. सेवानिवृत्तीला पावणेदोन वर्षे राहिली असताना त्यांच्या बडतर्फीवर येत्या सोमवारी आपल्यापुढे अंतिम सुनावणी आहे. गावातला माणूस त्यांच्याशी बोलत नाही. मुकादम, जो एकोणीस वर्षे त्यांच्या खोलीत पाणी प्यायला यायचा, तो आता त्यांच्या दारावरून जाताना मान फिरवतो. त्याचा जावई गेला आहे, अर्जदार त्याला काय बोलणार. त्याला शोक करण्यापुरते तरी बरोबर कारण मिळावे एवढेच अर्जदाराला वाटते. तीन बिल्ले अजून फळीवरच आहेत. बिल्ला ज्याचा त्यानेच काढावा असा नियम आहे, दुसऱ्याने काढण्याची तरतूद नाही.

१३. आता या अर्जाचे खरे कारण. ते आधीच्या तीन अर्जांत नव्हते, म्हणून ते अर्ज परत आले ते एका परीने बरेच झाले.

घड्याळ बदलल्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी अर्जदार खालच्या केंद्रात देखभालीला गेला होता. ताई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "काय रे वायरवाल्या, काटा आता कधी अडखळतच नाही. एवढी सुधारली का रे तार?" तार तसूभरही सुधारली नव्हती. ती होती तशीच होती, तीच गंजलेली चौतीस किलोमीटर. पण सात महिन्यांच्या कष्टांनंतर कुणीतरी कौतुकाने विचारत होते, आणि घड्याळ आता वरून येत नाही, खालीच काढले जाते, हे समजावत बसायला अर्जदाराला कंटाळा आला होता. बाहेर जीप थांबली होती. अर्जदार म्हणाला, "हो ताई, सुधारली."

हे वाक्य 'अर्जदार म्हणाला' असे लिहून भागत नाही. ते मी म्हणालो. ताईंना मनापासून आनंद झाला. त्या म्हणाल्या, "बरं झालं बाबा. त्या काट्यानं माझा जीव खाल्ला होता." आणि वहीत 'घ. ठी.' लिहिले.

१४. समितीने ताईंना विचारले होते की, काटा अडखळायचा थांबला याबद्दल तुम्ही जोडणी शाखेकडे चौकशी केली होती का. अर्जदार तेव्हा बाहेरच्या बाकावर बसला होता, दार उघडे होते. ताई म्हणाल्या, "नाही. कोणाला विचारलं नाही." आणि पान चौदावर लिहिले गेले की, ऑपरेटरने साधी चौकशीही केली नाही, हा अक्षम्य निष्काळजीपणा होय. अर्जदार बाकावर बसून राहिला. त्याने उठून आत जायला हवे होते, तो उठला नाही. त्याच्या घरी तेव्हा दोन महिन्यांची मुलगी होती, हे कारण होऊ शकत नाही, पण डोक्यात तेच होते.

ताई बाहेर आल्यावर अर्जदार त्यांच्यामागून जिन्यापर्यंत गेला. खोटे का बोललात, असे त्याला विचारायचे होते. ताईंनीच सांगितले. त्या म्हणाल्या, "दोघांना काढलं असतं, तर ते घड्याळ कोण काढणार? आणखी नऊ ठिकाणी फिरतंय ते. त्यातलं कळणारा एक तरी माणूस आत राहायला पाहिजे. तू राहा, आणि आधी ते काढ." एवढे बोलून त्या जिना उतरून गेल्या. त्यानंतर आजपर्यंत त्यांनी अर्जदाराला एकदाही फोन केलेला नाही, आठवणही करून दिलेली नाही. चार महिने झाले.

१५. अर्जदार आत राहिला. घड्याळ निघाले नाही. स्वतःच काढून टाकावे म्हणून अर्जदाराने प्रयत्न केला, परंतु ही व्यवस्था आता 'प्रमाणित' झाली असल्याने तिला हात लावण्याचा अधिकार फक्त आपल्या कार्यालयाला आहे, आणि अर्जदाराचा पासवर्ड बदलण्यात आला आहे. नऊ केंद्रांवरच्या ऑपरेटरना तोंडी सांगावे म्हणून त्याने फोन केले. त्यातल्या दोघांनी तक्रार केली की, जोडणी शाखेचा माणूस फोनवर घाबरवतो. त्यावर अर्जदाराला ताकीद मिळाली. घरी भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक सहन होईना म्हणून त्याने त्यातला सेल काढून ठेवला. दहा दिवसांनी पत्नी म्हणाली, "घड्याळ बंद करून कोणी परत येत नाही. जे खरं आहे ते लिहून टाक. नोकरी गेली तर मी आहे." तिला नोकरी नाही. तरी तिने असे म्हटले.

१६. सबब आपणांस नम्र विनंती की, दहाही केंद्रांवरील पडद्यावरचे घड्याळ पूर्वीप्रमाणे वरच्या कॉम्प्युटरवरून पाठवण्यात यावे. त्यामुळे पडदा चारऐवजी एकोणीस सेकंदांनी भरेल, ऑपरेटर वैतागतील, तक्रारींची फाइल पुन्हा फुगेल. फुगू द्यावी. वाट पाहण्याची मुदत एक तासावरून पुन्हा पंधरा सेकंद करावी. अहवालातील पान तेरा व चौदा रद्द करून, ऑपरेटरने चौकशी केली होती व तिला जोडणी शाखेच्या कनिष्ठ तंत्रज्ञाने खोटे उत्तर दिले, असे नमूद करावे. ताईंना सोमवारच्या सुनावणीतून मुक्त करून त्यांच्या टेबलावर परत बसवावे. नियमाप्रमाणे जी काही कारवाई असेल ती अर्जदारावर करावी, परंतु घड्याळ काढून झाल्यानंतर करावी, कारण त्या कामाला माहीतगार माणूस लागेल आणि तेवढ्यासाठीच त्याला आत ठेवण्यात आले आहे. प्रशस्तिपत्र सोबत परत करत आहे.

१७. (हा परिच्छेद हाताने लिहिला आहे, कारण तो आपल्या दालनात, आपल्या टेबलाशी उभे राहून लिहीत आहे. शिपाईदादांनी मला आत सोडले, त्यांना बोल लावू नये. त्यांना मी अर्ज ठेवून लगेच येतो एवढेच सांगितले होते.)

आपल्या खुर्चीच्या बरोबर समोर भिंतीवर मोठा पडदा आहे. त्यावर दहाही केंद्रांच्या पातळ्या दिसतात आणि कोपऱ्यात ते घड्याळ आहे. या पडद्यावर कोणाचाही जीव अवलंबून नाही, तो पाहुण्यांना दाखवण्यासाठी आहे, याची खात्री करून घेतली आहे. आज सकाळी १०.०५ वाजता मी या पडद्यामागची तार काढली. आपण साडेदहाला येता. टपालाच्या ढिगात हा अर्ज सगळ्यांत खाली ठेवत आहे, म्हणजे आपल्या हाती तो उशिरा येईल. तोवर आपण चहा घेतला असेल, सह्या केल्या असतील, मान वर करून पडद्याकडे कितीतरी वेळा पाहिले असेल. सगळ्या पातळ्या हिरव्या आहेत. त्या १०.०५ च्या आहेत. काटा मात्र चालू आहे, आत्ताही पाहावे. ११.०५ वाजता पडदा स्वतःच सांगेल की जोडणी तुटली आहे.

हा परिच्छेद वाचण्यापूर्वी ते आपल्या लक्षात आले असेल, तर सोमवारी ताईंना दोषी धरावे. माझे काही म्हणणे नाही.

ताईंनी आत ठेवलेला,
(सही)
कनिष्ठ तंत्रज्ञ, जोडणी शाखा

वेळ : सकाळी १०.१४, माझ्या मनगटावरील घड्याळाप्रमाणे
वार : गुरुवार

सोबत :
१) प्रशस्तिपत्र देण्याबाबतचे पत्र, मूळ प्रत.
२) कामाचे तास वाया घालवल्याबद्दल ताईंना दिलेले मेमो, दोन.
३) खालच्या केंद्राच्या वहीतील दुर्घटनेच्या दिवसाचे पान. ११.०० : पातळी ०.४, घ. ठी. ११.३० : पातळी ०.४, घ. ठी. १२.०० : पातळी ०.४, घ. ठी.
४) आपल्या पडद्यामागील तार, एक, लांबी दीड मीटर.